उरलेले ४५.९ सेकंद

अमेरिकन बास्केटबॉलमधला सर्वांत कुप्रसिद्ध राडा मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सच्या ‘द पॅलेस’ या बंदिस्त स्टेडियममध्ये झाला. त्यावरचा ‘मॅलिस ॲट द पॅलेस’ हा माहितीपट ऑगस्ट २०२१ मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘अनटोल्ड’ मालिकेत आला. दिग्दर्शक फ्लॉइड रस. खेळाडू प्रेक्षकांत घुसून हाणामारी करताहेत ही दृश्यं टीव्हीने इतकी उगाळली होती की त्याआधीची काही मिनिटं कुणाच्या लक्षातच राहिली नाहीत. माहितीपट बघताना मला खरी धास्ती वाटली ती त्या आधीच्या मिनिटांची.

१ जून २००४

ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीतला सहावा सामना, पॅलेसमध्येच. इंडियाना पेसर्सनी त्या हंगामात ६१ सामने जिंकले होते, साऱ्या एनबीए लीगमध्ये सर्वाधिक. तरीही डेट्रॉइट पिस्टन्सनी त्यांना ६९-६५ असं हरवून घरी पाठवलं आणि पुढे लेकर्सना लोळवून विजेतेपद मिळवलं. याच सामन्यात पेसर्सच्या रॉन आर्टेस्टने पिस्टन्सच्या रिचर्ड हॅमिल्टनला हाताचा जोरदार तडाखा दिला होता. दोन्ही संघ बचावासाठी ओळखले जाणारे, अंगाला अंग घासून खेळणारे. हिशोब बाकी राहिला.

नोव्हेंबर २००४, पहिला पंधरवडा

नवा हंगाम सुरू झाला तेव्हा आर्टेस्ट लीगचा सर्वोत्तम बचावपटू होता. त्याच्या आधीची सलग दोन वर्षं तो मान पिस्टन्सच्या बेन वॉलेसकडे होता. दोघांचीही मनःस्थिती ठीक नव्हती. वॉलेसचा भाऊ नुकताच वारला होता. आर्टेस्ट नैराश्य आणि चिंतेशी झगडत होता, हे तो माहितीपटात मोकळेपणाने सांगतो. त्याने संघाकडे विश्रांती मागितली; आपल्या कंपनीच्या संगीत अल्बमची जाहिरातही करायची होती. प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी त्याला दोन सामने बाकावर बसवलं. वर्तमानपत्रांना आयताच विनोद मिळाला. मदत मागायची त्याची पद्धत विचित्र होती, पण तो मदतच मागत होता, हे त्या वेळी फार थोड्यांना कळलं.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर, रात्र

प्रेक्षक २२,०७६. ईएसपीएनवर थेट प्रक्षेपण, समालोचनाला माइक ब्रीन आणि बिल वॉल्टन. मध्यंतराला पेसर्स ५९-४३ असे पुढे. शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला पिस्टन्सनी फरक पाचवर आणला, स्टेडियम पेटून उठलं, पण पेसर्स पुन्हा निसटले. गुणफलक ९७-८२. पंधरा गुणांची आघाडी आणि मिनिटभरही वेळ नाही, म्हणजे सामना संपल्यात जमा. अशा वेळी प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बाहेर बोलावतात. इथे दोन्हीकडची मोठी नावं मैदानावरच होती. हा प्रश्न कार्लाइलना आणि पिस्टन्सच्या लॅरी ब्राऊनना नंतर फार विचारला गेला, आणि तो रास्तच होता.

घड्याळात ४५.९ सेकंद

वॉलेस बास्केटखाली ले-अपसाठी उडी घेतो. आर्टेस्ट मागून त्याला जोरात धपका घालतो. निकाल लागलेल्या सामन्यात असा फाउल करायचं काहीच कारण नव्हतं. वॉलेस वळतो आणि दोन्ही हातांनी आर्टेस्टला असा ढकलतो की तो मागे भेलकांडतो. दोन्ही बाकांवरचे लोक मध्ये पडतात. घड्याळ थांबतं.

घड्याळ थांबलेलंच

पुढची मिनिटं माहितीपटाचा गाभा आहेत. ढकलाढकली मध्यरेषेपलीकडे सरकते आणि आर्टेस्ट त्यातून बाजूला होतो. गुण नोंदवणारे बसतात त्या लांब टेबलावर तो चक्क उताणा पडतो. नंतर रेडिओ समालोचकाचा हेडफोनही डोक्याला लावतो. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटावं, हा सगळ्यांची टिंगल करतोय. तो मात्र सांगतो की तो स्वतःला शांत करत होता. मला त्याचं म्हणणं पटतं; भांडायचंच असतं तर भांडण दहा पावलांवर चालू होतं.

पण ज्या टेबलावर तो पडला त्याच्या पलीकडे लगेच प्रेक्षकांची पहिली रांग होती. मध्ये जाळी नाही, कठडा नाही. हजार-हजार डॉलरच्या खुर्च्या विकायच्या तर खेळाडूचा घाम अंगावर उडेल इतकं जवळ बसवावंच लागतं. पंच तिघे: रॉन गॅरेटसन, टॉमी नुन्येझ ज्युनियर आणि टिम डोनाही. (हाच डोनाही पुढे २००७ मध्ये सामन्यांवर पैसे लावल्याच्या प्रकरणात सापडला.) कुणाला बाहेर काढायचं याचा निर्णय होईना. ढकलणाऱ्या वॉलेसला तडक आत पाठवलं असतं, किंवा पेसर्सच्या कुणीतरी आर्टेस्टला उठवून बाकावर नेलं असतं, तर ही गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळींत आटोपली असती. वॉलेसने दुरून टॉवेल भिरकावला. आर्टेस्ट उठला, त्याला धरलं, तो पुन्हा आडवा झाला.

पेला

वरून एक पेला येतो. शीतपेयाचा, बर्फासकट. आर्टेस्टच्या अंगावर आदळतो.

तो टेबलावरून उठून थेट खुर्च्यांवरून वर जातो. वाटेत पेसर्सचे रेडिओ समालोचक मार्क बॉइल त्याच्या पायाखाली येतात. त्यांचे पाच मणके मोडले. वर पोहोचून त्याने ज्याची गचांडी धरली त्याने पेला फेकलेला नव्हता. फेकणारा शेजारीच होता. मागोमाग पेसर्सचाच स्टीफन जॅक्सन ठोसे मारत चढला. त्याची सफाई कायम एकच राहिली आहे: सहकाऱ्याला एकटं कसं सोडणार? पिस्टन्सच्या रशीद वॉलेससारखे काही आवरायला गेले, काहींना प्रेक्षकांनी खाली खेचलं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे १९९७ चं टोरंटो आठवेल. भोंग्यावरून चिडवणाऱ्या प्रेक्षकाच्या अंगावर पाकिस्तानचा क्रिकेटपटू इंझमाम बॅट घेऊन धावला होता. पण तिथे एक खेळाडू आणि एक टवाळखोर होता. पॅलेसमध्ये हजारो लोक होते आणि उतरायला मैदान मोकळं.

पुन्हा मैदानावर

आर्टेस्टला खाली आणलं, तर पिस्टन्सचे कपडे घातलेले दोन प्रेक्षक त्याच्यासमोर मैदानात उभे. त्याने एकाला ठोसा मारला. पेसर्सच्या जर्मेन ओनीलने दुसऱ्याला धावत येऊन मारायला हात उगारला, पण सांडलेल्या पेयावर त्याचा पाय सरकला आणि ठोसा पूर्ण ताकदीने बसला नाही. ही चकमक माहितीपट वेगवेगळ्या कोनांतून दाखवतो. त्या रात्री कुणी मेलं नाही, याचं बरंचसं श्रेय त्या ओल्या फरशीला द्यावं लागेल.

लॅरी ब्राऊन यांनी ध्वनिक्षेपकावरून विनवून पाहिलं आणि अखेर माइक टाकून दिला. दुखापतीमुळे सुटाबुटात आलेला पेसर्सचा रेगी मिलर लोकांना ओढत होता. पेसर्स बोगद्याकडे निघाले तेव्हा वरून बिअर, बाटल्या, पॉपकॉर्न, एक खुर्चीसुद्धा आली. उरलेले सेकंद पंचांनी खेळवलेच नाहीत. नऊ प्रेक्षक जखमी झाले.

काही मिनिटांनी, ड्रेसिंग रूम

जॅक्सनने नंतर सांगितलेला किस्सा: आर्टेस्टने त्याला विचारलं, आपल्याला काही त्रास होईल का? जॅक्सनला हसावं की रडावं कळेना. नोकरी राहिली तरी नशीब, असं त्याने उत्तर दिलं.

त्याच रात्री ते रविवार, २१ नोव्हेंबर

ईएसपीएनच्या स्टुडिओतल्या तज्ज्ञांनी त्या रात्री बहुतांशी प्रेक्षकांना दोष दिला. वरिष्ठांना तो सूर रुचला नाही. दोन दिवसांत वारं फिरलं आणि टीव्हीवर ‘गुंड’ हा शब्द बहुतेक वेळा कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी ऐकू येऊ लागला. रविवारी लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी शिक्षा जाहीर केल्या. निर्णय एकमताने झाला का, असं विचारल्यावर त्यांनी एक विरुद्ध शून्य असं ऐकवलं. मत देणारे ते एकटेच होते. आर्टेस्ट उरलेल्या हंगामासाठी बाहेर, प्लेऑफ धरून ८६ सामने. जॅक्सन ३०, ओनील २५ (लवादाने ते १५ वर आणले). भांडण सुरू करणाऱ्या बेन वॉलेसला सहा. एकूण नऊ खेळाडू, १४६ सामने.

त्यानंतर

पाच खेळाडू आणि पाच प्रेक्षकांवर खटले भरले. खेळाडूंना परिवीक्षा, समाजसेवा आणि २५० डॉलर दंड. पेला फेकणाऱ्याला तीस दिवसांचा तुरुंगवास. सरकारी वकील डेव्हिड गॉर्सिका यांनी चित्रफितीत त्याला ओळखलं, कारण तो त्यांचाच पूर्वीचा शेजारी होता. लीगने तिसऱ्या क्वार्टरनंतर दारूविक्री बंद केली. पुढच्या वर्षी खेळाडूंना पोशाखाची नियमावली लावली. दंग्यात बॅगी पॅन्टचा काय हात होता, हे मला अजून कळलेलं नाही.

अठरा हंगाम एकाच संघाकडून खेळलेला मिलर २००५ मध्ये निवृत्त झाला, विजेतेपदाविना. शेवटच्या मालिकेत त्याला हरवलं ते पिस्टन्सनीच. आर्टेस्टने २०१० मध्ये लेकर्सबरोबर विजेतेपद जिंकलं आणि टीव्हीवर आपल्या मानसोपचारतज्ज्ञाचे आभार मानले. तोवर पेसर्सचा तो संघ पार विखुरला होता.

माहितीपट उघडपणे खेळाडूंच्या बाजूचा आहे, आणि इतकी वर्षं दुसरीच बाजू ऐकल्यावर ते गैर नाही. ओनीलच्या बाबतीत तो न्याय करतो. आर्टेस्टने पेला न फेकलेल्या माणसावर हात टाकला, हे मात्र तो घाईघाईने ओलांडतो. आणि एकट्याच्या मताने शिक्षा ठरवणारे स्टर्न यात फक्त जुन्या चित्रफितींतून दिसतात. ते जानेवारी २०२० मध्ये वारले. या शिक्षांविषयी ते काय म्हणाले असते, हे विचारायची संधी चित्रपटाला मिळाली नाही.