आबांचे दसरे

आमच्या आबांना साल आठवायचं नाही, दसरा आठवायचा. थोरली आत्या झाली ती ‘पार्कातल्या पहिल्या मेळाव्याच्या पावसाळ्यात’, घराची कौलं बदलली ती ‘संपातल्या दसऱ्याच्या आधी’. वेल्ह्यात ओट्यावर बसून, समोरच्या तोरण्याकडे बघत ते असा हिशेब सांगायचे आणि मी मनात त्याची सालं लावत बसायचो.

कानंद खोरं, गुंजण मावळ, पलीकडे भोरच्या अंगाला हिरडस मावळ आणि वेळवंड खोरं. शिवरायांना पहिली माणसं दिली ती या मुलखानं. पण डोंगरउतारावर भाताचं एकच पीक, तेही पावसाच्या भरवशावर. ते घरात आलं की हाताला काम नाही. म्हणून घरटी एक तरी गडी मुंबईला. आबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. राहायला गावकीची खोली. तीन पाळ्यांचे वीसेक गडी. एकाची वळकटी गुंडाळली की त्याच जागेवर दुसऱ्याची उलगडायची. भिंतीला खुंट्यांची रांग आणि खुंटीवर एकेक पिशवी. मुंबईतलं ज्याचं जे काही होतं, ते त्या पिशवीत. जेवण खानावळवाल्या मावशीकडे आणि चहा चाळीखालच्या उडुप्याकडे, वहीवर.

त्या खोलीत ‘मार्मिक’चा एक अंक यायचा आणि वीस जणांत फिरायचा. १९६० साली बाळासाहेब ठाकरे यांनी सुरू केलेलं हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं त्यांनाही चित्रं कळायची. कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात येऊ लागल्या, ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली. पोरं थंड बसली नाहीत. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा भरला.

आबा पाळी बुडवून गेले. बाळासाहेबांचे वडील प्रबोधनकार बोलले, बाळासाहेब बोलले. त्यातलं काय लक्षात राहिलं, असं मी खूपदा विचारायचो. ते म्हणायचे, “मावळे म्हनले आम्हाला. अरे, आम्ही खरंच मावळातले! गिरणीत मला नंबरानं हाक मारायचे. तिथं पहिल्यांदा वाटलं, आपल्याला नाव हाय.” या मेळाव्याबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं, पण तिथे माणसं का लोटली याचं याहून खरं कारण मला कुठे सापडलं नाही.

पुढे सेनेचा हा मेळावा दसऱ्याला भरू लागला. दसरा म्हणजे सीमोल्लंघन. शेतीतून मोकळं व्हायचं, शस्त्रं पुजायची, शीव ओलांडायची, हा रिवाज सभेच्या मैदानापेक्षा कितीतरी जुना. गिरणीत शस्त्रं नव्हती. साच्यांना झेंडूच्या माळा पडायच्या. गावाकडून कुणी येणार असलं की आबा आपटा मागवायचे. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या रात्रभर प्रवास करून लालबागला पोचायच्या. जुळ्या पाकळीचं ते पान, मधल्या शिरेवर दुमडलं की दोन्ही बाजू तंतोतंत एकमेकींवर बसतात. पार्कात बसल्या बसल्या ते सोनं म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातावर ठेवायचं. कोण सातारचा, कोण मालवणचा, कोण जुन्नरचा. भाषण सुरू व्हायच्या आधी निम्मा मेळावा इथेच साजरा व्हायचा.

मग संप आला. १८ जानेवारी १९८२ पासून, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, जवळजवळ अडीच लाख कामगारांचा. त्या वर्षीच्या मेळाव्याला शरद पवार आणि जॉर्ज फर्नांडिसही व्यासपीठावर होते. आबांना वाटलं, आता तिढा सुटणार. सुटला नाही. खुंटीवरची पिशवी काढून ते वेल्ह्याला परतले ते कायमचे. पण दसऱ्याला मुंबई सुटली नाही.

मला त्यांनी एकदाच नेलं, १९९५ साली. मार्चमध्ये सेनेचे मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले होते. पहाटे चेलाडी फाट्यावरून टेम्पो निघाला. एक्सप्रेस वे अजून व्हायचा होता. खंडाळ्याचा घाट उतरताना बायकांनी बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि ठेचा सुटला. तोपर्यंत सेनेत मराठी माणसाच्या हक्काच्या जोडीला हिंदुत्व आलं होतं. संध्याकाळी ‘जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो’ हे शब्द कर्ण्यांतून आले आणि मैदानातून जो आवाज उठला, तो मला आधी पायांना जाणवला, मग कानांना. आबांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

२४ ऑक्टोबर २०१२ चा मेळावा आम्ही घरी टीव्हीवर पाहिला. बाळासाहेब मैदानात येऊ शकले नव्हते, ध्वनिचित्रफितीतून बोलले. आवाज थकला होता. १७ नोव्हेंबरला ते गेले. आबा दोन दिवस जेवले नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

सेनेच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबईतल्या उडुपी हॉटेलांवर दगड पडले. चाळीखालच्या हॉटेलाची काचही एका रात्री फुटली. फोडणारे ओळखीचे होते. “मी दगूड नाय मारला,” आबा म्हणाले, “पन आडवाबी गेलो नाय. त्याच्या वहीत माझं नाव होतं रे. माझे चहा होते.” त्या दसऱ्याला सगळ्यांना सोनं वाटून झालं, त्याच्याकडे मात्र पाय वळला नाही. पुढच्या वर्षी गेले. त्यानं पान घेतलं, गल्ल्यावरच्या देवापुढे ठेवलं आणि चहा पुढे केला. “मैदानात हजारो मानसं संगट असली की बळ येतं. ते घेऊन चाळीत परत आल्यावर काय करायचं, ते आपलं आपल्याला ठरवावं लागतं. मला ठरवायला वरीस लागलं.”

मेळाव्यानं आबांना नाव दिलं, हे मी विसरणार नाही. त्या नावाची किंमत एका रात्री दुसऱ्या कुणी मोजली, हेही विसरणार नाही. एक सांगून दुसरं गाळलं, तर तो आबांचा इतिहास राहणार नाही.

पुढे सेना दुभंगली आणि ५ ऑक्टोबर २०२२ ला, दसऱ्याला, मेळावे दोन झाले: उद्धव ठाकरे यांचा शिवाजी पार्कवर, एकनाथ शिंदे यांचा वांद्रे-कुर्ला संकुलात. आबा तेव्हा नव्हते. आमच्या आळीतून दोन गाड्या निघाल्या, त्यांत दोन सख्खे चुलतभाऊ वेगवेगळ्या गाड्यांत. आदल्या रात्री शब्दाला शब्द लागला होता. मी कुठेच गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठच्या आपट्याची फांदी तोडली आणि दोन्ही घरी गेलो. धाकट्यानं पान घेतलं आणि विचारलं, “दादाकडं जाऊन आलास?” म्हटलं, “आता तिकडंच चाललोय.” त्यानं पायात चपला सरकवल्या. “थांब,” म्हणाला, “मीबी येतो.”