प्रोसेसरचे प्रशीतन

संगणकाच्या प्रोसेसरचे तापमान बाष्प-संपीडन चक्राच्या साहाय्याने शून्य अंश सेल्सिअसच्या खाली नेण्याच्या पद्धतीस प्रोसेसरचे प्रशीतन किंवा प्रावस्था-बदल शीतकरण म्हणतात. घरगुती शीतकपाट (फ्रिज) व वातानुकूलन यंत्रे याच चक्रावर चालतात. प्रोसेसर निर्धारित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी (ओव्हरक्लॉकिंग) काही हौशी तंत्रज्ञ जुन्या यंत्रांचे भाग वापरून अशी प्रणाली स्वतः बांधतात. एकटप्पी प्रणालीत बाष्पीभवकाचे तापमान साधारणपणे −३० ते −५० अंशांपर्यंत उतरते.

तत्त्व

प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती वारंवारितेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवताना बहुधा विद्युतदाबही वाढवावा लागतो, त्यामुळे उष्णता झपाट्याने वाढते. तापमान उतरल्यास ट्रान्झिस्टरमधील गळतीप्रवाह कमी होतो आणि अधिक वेगातही प्रोसेसर स्थिर राहतो.

पंखा किंवा पाण्याचे शीतकरण प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. माठ, वाळ्याचे पडदे आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात सर्रास वापरला जाणारा कूलर ही साधने बाष्पीभवनावर चालतात, पण त्यांची मर्यादा हवेच्या आर्द्र-गोल तापमानाशी संपते. ३८ अंश तापमान व २० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ही मर्यादा सुमारे २१ अंश असते. प्रशीतन चक्रात द्रव बंद नळ्यांत फिरतो व त्याचा दाब नियंत्रित करता येतो. त्यामुळे तो कितीतरी कमी तापमानास उकळतो.

रचना

प्रणालीचे मुख्य घटक चार आहेत. संपीडक (काँप्रेसर) प्रशीतकाच्या वायूचा दाब वाढवतो. संघनकात (कंडेन्सर) हा वायू उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. अतिशय बारीक तांब्याच्या केशनलिकेतून जाताना द्रवाचा दाब घटतो. प्रोसेसरवर घट्ट बसवलेल्या तांब्याच्या पोकळ ठोकळ्यात, म्हणजे बाष्पीभवकात, तो उकळतो आणि उष्णता शोषून घेतो. ठोकळ्याच्या आत खाचा कोरल्यास उष्णता-विनिमयाचे क्षेत्रफळ वाढते.

वातावरणीय दाबास प्रशीतकांचे उत्कलनबिंदू असे आहेत: आर-१३४ए −२६ अंश, आर-२९० (प्रोपेन) −४२ अंश आणि आर-४०४ए सुमारे −४६ अंश.

बांधणी

संपीडकाची निवड हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा असतो. शीतकपाटाच्या संपीडकाची क्षमता सहसा −२३.३ अंश बाष्पीभवन तापमानास मोजलेली असते. −४० अंशांना ती बरीच घटते. प्रोसेसर मात्र सलग १०० ते २५० वॉट उष्णता देत असतो, म्हणून लहान शीतकपाटाचा संपीडक अपुरा पडतो.

नळ्यांचे सांधे ब्रेझिंगने जोडतात. त्या वेळी आतून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडल्यास नळीत काजळी धरत नाही. गळतीची चाचणीही कोरड्या नायट्रोजननेच करतात. त्यानंतर निर्वात पंपाने हवा व बाष्प काढून टाकतात, कारण आत राहिलेली ओल केशनलिकेच्या तोंडाशी गोठून प्रवाह बंद पाडते. शेवटी केशनलिकेची लांबी व प्रशीतकाचे प्रमाण प्रोसेसरच्या उष्णताभारानुसार जुळवतात.

दवबिंदू व हवामान

थंड भागावर हवेतील बाष्प साचून मदरबोर्डवर शॉर्टसर्किट होणे, हे अशा प्रणालीतील बिघाडाचे प्रमुख कारण आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या निमशुष्क हवामानाच्या शहरात या अडचणीचे स्वरूप ऋतूनुसार बदलते. उन्हाळ्यात ३८ अंश व २० टक्के आर्द्रतेस दवबिंदू सुमारे ११ अंश असतो; पावसाळ्यात २६ अंश व ८५ टक्के आर्द्रतेस तो सुमारे २३ अंशांवर जातो. म्हणजे पावसाळ्यात किंचित गार पृष्ठभागावरही पाणी धरते. उलटपक्षी उन्हाळ्यात संघनकाभोवतीची हवाच तापलेली असल्याने दाब वाढतो, संपीडकावर ताण येतो आणि शीतनक्षमता घटते.

प्रोसेसरचा सॉकेट विद्युतरोधक ग्रीसने भरणे, बंद पेशींच्या रबरी फोमने सर्व थंड भाग हवाबंद करणे आणि मदरबोर्डच्या मागील बाजूस सौम्य उष्णता देणे, हे त्यावरील रूढ उपाय आहेत.

इतिहास

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ईटीए-१० या अमेरिकी महासंगणकाचे प्रोसेसर द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून थंड केले जात. २००० च्या सुमारास अमेरिकेतील क्रायोटेक व डेन्मार्कमधील असेटेक या कंपन्यांनी प्रशीतनयुक्त वैयक्तिक संगणक व संच बाजारात आणले. वेगाच्या विक्रमांसाठी याहून थंड द्रव वापरतात. २०११ मध्ये द्रवरूप हीलियमच्या साहाय्याने एएमडीचा प्रोसेसर ८.४२९ गिगाहर्ट्झ वेगाने चालवण्यात आला.

सुरक्षा व पर्यावरण

दाबचाचणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये. संपीडकातील तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. प्रोपेन ज्वालाग्राही आहे. अन्य प्रशीतक बंद खोलीत गळल्यास श्वास गुदमरण्याचा धोका असतो, तर द्रवाच्या स्पर्शाने त्वचा गोठते. आर-२२ ओझोन थराला हानिकारक असल्याने मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. आर-४०४एची तापमानवाढ-क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट आहे. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीस मान्यता दिली असून, तीनुसार अशा वायूंचा वापर क्रमाने घटवायचा आहे. म्हणून जुन्या यंत्रातील वायू हवेत न सोडता प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून परत गोळा करून घेणे आवश्यक असते.

मर्यादा

संपीडकाचा आवाज, अतिरिक्त वीजवापर आणि दवाचा कायमचा धोका यांमुळे ही पद्धत दैनंदिन वापरात रुजली नाही. मोठ्या संगणकांतही प्रोसेसर गोठवण्याऐवजी उष्णता कमी खर्चात वाहून नेण्यावर भर असतो. पुण्यातील आयसर संस्थेत बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरलगत खेळवून उष्णता काढली जाते. हौशी प्रणालींचे महत्त्व मुख्यतः शैक्षणिक आहे: उष्मागतिकी, विद्युतशास्त्र आणि धातुकाम यांचा मेळ त्यांत एकाच यंत्रात पाहायला मिळतो.