कापडाचे वार, कापसाच्या गाठी : १९३४चा भारत-जपान करार

जून १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरील आयात जकात ७५ टक्क्यांवर नेली. रोख स्वस्त जपानी कापडावर होता. जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकून उत्तर दिले. आखूड धाग्याच्या या कापसाचे जपान हे मोठे गिऱ्हाईक असल्याने घाव शेतकऱ्यावर बसला.

सिमला व दिल्ली येथील वाटाघाटींतून जानेवारी १९३४ मध्ये तोडगा निघाला. जकात ५० टक्क्यांवर आली. जपानने वर्षाला १० लाख गाठी घेतल्यास ३२.५ कोटी वार कापडास प्रवेश. १५ लाख गाठी घेतल्यास ४० कोटी वार, ही कमाल मर्यादा.

मुंबईच्या गिरण्यांना दिलेल्या संरक्षणाची किंमत वऱ्हाडातील शेतकऱ्याने मोजू नये, म्हणून कापडाचे वार कापसाच्या गाठींशी जोडले गेले.