पुस्तक कोणतं घ्यावं? कॅमेऱ्याच्या विद्येचा छोटा इतिहास

सिनेमाचं छायाचित्रण शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. दादासाहेब फाळक्यांपुढेही तो होता. शिकवणारी संस्था नव्हती, गुरू नव्हता. त्यांनी परदेशी पुस्तकं आणि कॅटलॉग मिळवून वाचले. तेवढ्यावर भागेना, म्हणून विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहून आले. हेपवर्थ म्हणजे १८९७ सालीच या विषयावर पुस्तक लिहिणारे गृहस्थ. परतल्यावर फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने टिपली. ती फिल्म पाहून पैसे देणारा माणूस तयार झाला. वाचलेलं हाताने करून दाखवलं, म्हणून पुढचा 'राजा हरिश्चंद्र' झाला.

आता पुस्तकांकडे येऊ. १९४९ मध्ये हॉलीवुडचे छायालेखक जॉन ऑल्टन यांचं 'पेंटिंग विथ लाइट' आलं. त्यातले दिवे आणि फिल्म आज कालबाह्य आहेत. पण चेहऱ्यावर उजेड कुठून यावा आणि अंधार कुठे राखावा, हा विचार शिळा झालेला नाही. १९६५ चं जोसेफ मास्केली यांचं 'द फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी' पाच गोष्टी शिकवतं: कॅमेऱ्याचा कोन, सातत्य, संकलन, क्लोज-अप आणि चौकटीची रचना. समोरासमोर बोलणारी दोन माणसं पडद्यावर एकाच दिशेला बघताना दिसली, तर चूक कुठे झाली हे ते सांगतं. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यालाही ते तितकंच लागू आहे. तिसरं, नेस्तोर आल्मेंद्रोस यांचं 'अ मॅन विथ अ कॅमेरा'. ते एकेक चित्रपट घेऊन त्यातले निर्णय उलगडतं.

यावरून निवडीची कसोटी सापडते. पुस्तकात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक यंत्राचा: फिल्म, सेन्सर, दिवे. तो लवकर जुना होतो, म्हणून त्यासाठी नवं पुस्तक किंवा कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका बघा. दुसरा नजरेचा. तो टिकतो, म्हणून त्यासाठी जुनं पुस्तक बिनधास्त घ्या. खिशात एकाच पुस्तकाचे पैसे असतील, तर आधी मास्केली.

आणि एक लक्षात ठेवा. सुब्रत मित्रांनी 'पथेर पांचाली'पूर्वी सिनेमाचा कॅमेरा चालवलाच नव्हता. पुढे 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं, तेव्हा त्यांनी वर कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावरून परतवून खाली सोडला. खऱ्या अंगणात आभाळाचा उजेड असाच मऊ उतरतो, हे त्यांनी नीट पाहिलं होतं. तेव्हा एक प्रकरण वाचलं की पुस्तक मिटा आणि घरातल्या खिडकीचा उजेड सकाळी, दुपारी, संध्याकाळी टिपून बघा. पुढचं प्रकरण त्यानंतर उघडा.