रायफलची गोळी आणि गिधाड : कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळीवर बंदी का?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शिकारीला परवानगी आहे, पण शिशाच्या गोळीने नाही. १ जुलै २०१९ पासून तिथे वन्यप्राण्यांच्या शिकारीसाठी शिसेविरहित गोळीच वापरावी लागते. यामागे कारण आहे एक पक्षी.

गोळी आणि काडतूस एकच का?

नाही. काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने फक्त गोळी बाहेर पडते. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते.

‘.३०-०६’ म्हणजे काय?

हे शिकाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेले एक अमेरिकी काडतूस. त्यातील .३० हा आकडा इंचातील कॅलिबर सांगतो, तर ०६ म्हणजे १९०६ हे साल. मुळात ते अमेरिकी सैन्यासाठी तयार झाले होते.

शिशाचा धोका कसा?

शिकारीची गोळी शरीरात शिरल्यावर पसरते, त्यामुळे प्राणी लवकर मरतो. पण शिसे मऊ असल्याने त्याचे बारीक तुकडे मांसात विखुरतात. शिकारी हरणाची आतडी जंगलातच टाकून जातात. ती कॅलिफोर्निया कंडोर हे मोठे गिधाड खाते आणि शिसे त्याच्या रक्तात भिनते.

१९८७ मध्ये जगात जेमतेम २७ कंडोर उरले होते. ते सगळे पकडून प्रजनन केंद्रांत ठेवावे लागले. १९९२ पासून पक्षी पुन्हा मोकळे सोडले जाऊ लागले, पण शिशाची विषबाधा हेच त्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले.

मग पर्याय काय?

तांब्याची गोळी. तीही पसरते, पण सहसा अखंड राहते. मात्र ती बहुतेक वेळा महाग पडते.

भारताशी काय संबंध?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला मनाई आहे. तरी इथली गिधाडेही खाण्यातूनच विष जाऊन मेली. फरक इतकाच, की इथे विष गोळीतून नव्हे तर गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकातून आले. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली.