गुंतवणुकीचे पुनर्संतुलन, संगणकीय साधनांद्वारे

गुंतवणुकीचे पुनर्संतुलन : समभाग, कर्जरोखे, मुदत ठेवी, सोने इत्यादी प्रकारांत विभागलेल्या द्रव्याचे परस्परांशी असलेले प्रमाण बाजारभावांच्या चढउतारामुळे ढळले असता, ते पूर्वनिश्चित प्रमाणावर परत आणण्याची क्रिया. अशा सर्व प्रकारांच्या समुच्चयास गुंतवणूक-संच किंवा रूढ भाषेत पोर्टफोलिओ म्हणतात. संचाची सद्यःस्थिती इंटरनेटवरील साधनांनी पाहणे व तदनुसार खरेदी-विक्रीचे आदेश देणे ही सोय भारतात एकविसाव्या शतकात सर्वसामान्य पगारदाराच्या आवाक्यात आली.

पार्श्वभूमी : या विचाराची शास्त्रीय बैठक हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५२ साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मधील आपल्या लेखात घातली. एखाद्या रोख्याची जोखीम तो रोखा एकटा धरून न मोजता, संचातील इतर रोख्यांच्या भावांशी त्याचा जो संबंध असतो त्यावरून मोजावी, हे त्याचे प्रतिपादन असून, १९९० साली त्यास अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा एक वाटा मिळाला. भारतात मात्र समभागांची प्रमाणपत्रे जोवर कागदी होती आणि हस्तांतरणाचे अर्ज टपालाने जात-येत होते, तोवर संचाचे प्रमाण वरचेवर तपासणे व सुधारणे ही गोष्ट व्यवहारात दुर्घटच होती. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा, त्याच वर्षी मुंबईत कार्यान्वित झालेली ‘एनएसडीएल’ आणि १९९९ मध्ये सुरू झालेली ‘सीडीएसएल’ या संस्थांमुळे कागदी रोख्यांची जागा डिमॅट खात्यातील नोंदींनी घेतली आणि निरीक्षणाचा पाया तयार झाला.

निरीक्षणाची साधने : यांतील सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज म्हणजे एकत्रित खातेउतारा होय. पॅन क्रमांकाच्या आधारे डिमॅट खात्यांतील रोखे आणि निरनिराळ्या म्युच्युअल फंडांतील युनिटे यांचा तपशील त्यात एके ठिकाणी येतो. फंडांचे दफ्तर सांभाळणाऱ्या ‘कॅम्स’ व ‘केफिनटेक’ या दोन संस्थांनी २०२१ साली संयुक्तपणे सुरू केलेल्या ‘एमएफ सेंट्रल’वरही फंडांपुरती अशीच माहिती मिळते. ‘ॲम्फी’ ही फंडांची संघटना प्रत्येक योजनेचे प्रतियुनिट मूल्य प्रसिद्ध करते. ते गणनपत्रकात उतरवून घेणारा खातेदार कोणत्याही दलालाच्या ॲपवाचून आपला हिशेब ठेवू शकतो. हप्त्याहप्त्याने भरलेल्या रकमांवरील वार्षिक परतावा काढण्यासाठी अशा पत्रकातील ‘एक्सआयआरआर’ हे सूत्र वापरतात.

कार्यपद्धती : पुनर्संतुलनाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत वर्षातील एक तारीख ठरवून त्या दिवशीच प्रमाण तपासले जाते. दुसरीत प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे ढळले तरच हालचाल केली जाते. समजा, १० लाख रुपयांच्या संचात समभाग-फंड ६० टक्के व कर्जरोखे-फंड ४० टक्के असून ढळण्याची मर्यादा पाच टक्क्यांची ठरवली आहे. वर्षभरात समभाग ४० टक्क्यांनी व कर्जरोखे ७ टक्क्यांनी वाढल्यास त्यांची मूल्ये अनुक्रमे ८.४० लाख व ४.२८ लाख होतात आणि समभागांचा वाटा सुमारे ६६.२५ टक्क्यांवर जातो. मर्यादा ओलांडली गेल्याने ७९,२०० रुपयांचे समभाग विकून ती रक्कम कर्जरोख्यांत घालावी लागते. अथवा काहीही न विकता १.३२ लाखांची नवी बचत कर्जरोख्यांत भरली, तरी मूळ प्रमाण साधते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेच्या ‘एलसी-५०’ या स्वयंचलित पर्यायात तर प्रमाणच वयानुसार बदलत जाते : समभागांचा वाटा पस्तिसाव्या वर्षापर्यंत ५० टक्के असून तो दरवर्षी दोन टक्क्यांनी घटत पंचावन्नाव्या वर्षी १० टक्क्यांवर येतो.

खर्च व कर : विक्रीने प्रमाण सुधारताना कर आणि निर्गमन-आकार यांचा विचार अपरिहार्य ठरतो. २३ जुलै २०२४ पासून समभाग व समभाग-फंड यांच्या विक्रीवरील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, वर्षाला १.२५ लाखांची सूट वजा जाता, १२.५ टक्के, तर एक वर्षाच्या आतील नफ्यावर २० टक्के दराने कर आकारला जातो. उपरोक्त उदाहरणातील विक्रीत नफ्याचा अंश सुमारे २२,६०० रुपयांचाच असल्याने, युनिटे वर्षाहून अधिक काळ धारण केलेली असतील आणि त्या वर्षी अन्य नफा नसेल, तर कर लागत नाही. नव्या बचतीने साधलेल्या संतुलनात हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून नियमित बचत करणाऱ्याने तोच मार्ग प्रथम पत्करावा.

मर्यादा : या साधनांची दृष्टी नोंदलेल्या खात्यांपलीकडे जात नाही. टपाल कचेरीतील भविष्य निर्वाह निधीचे खाते, सहकारी बँकेतील वा पतसंस्थेतील ठेव आणि घरातील सोने हे महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या संपत्तीचे मोठे अंग असते. ते हाताने नोंदवले नाही, तर वस्तुतः सावध असलेला संचही पडद्यावर समभागांनी भरलेला दिसतो आणि सूचना चुकीच्या निघतात. दुसरा धोका अतिनिरीक्षणाचा. ब्रॅड बार्बर व टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतील एका दलाली संस्थेच्या ६६,४६५ कुटुंबांचे १९९१ ते १९९६ मधील व्यवहार तपासून २००० साली असे दाखविले, की सर्वाधिक खरेदी-विक्री करणाऱ्यांस वार्षिक ११.४ टक्के परतावा मिळाला असता त्याच काळात बाजाराचा परतावा १७.९ टक्के होता. वारंवार सूचना पाठवून व्यवहारास उद्युक्त करणारे ॲप या दृष्टीने हितकर नव्हे. तिसरा धोका गोपनीयतेचा : खातेउतारा परक्या ॲपच्या स्वाधीन करणे म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीची यादीच त्याच्या हाती देणे होय.

मूल्यमापन : तफावत किती पडली हे यंत्र अचूक सांगते, परंतु प्रमाण कोणते असावे, हा प्रश्न वय, अवलंबून असलेली माणसे, नोकरीची शाश्वती आणि तोटा सोसण्याची शक्ती यांचा असल्याने त्याचे उत्तर गुंतवणूकदारानेच, बाजार शांत असताना, लेखी स्वरूपात करून ठेवले पाहिजे. असा लेखी निर्णय जवळ असला, म्हणजे वाढलेले विकून घटलेले घेण्याचे, मनास नेहमीच जड जाणारे काम वर्षातून एकदा तासाभरात उरकते. तो नसला, तर उत्कृष्ट साधनही चढत्या भावामागे धावण्याचीच सोय करून देते.