विस्तव राखणारे

'बार्बेक्यू' ह्या शब्दाचा माग काढत गेल्यास आपण विस्तवापाशी नव्हे, लाकडाच्या माचापाशी जाऊन पोचतो. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक जमिनीपासून उंच बांधलेल्या काठ्यांच्या माचाला जे नाव देत, ते सोळाव्या शतकातील स्पॅनिश बखरकारांनी 'बार्बाकोआ' असे लिहून घेतले. माचावर मांस किंवा मासे ठेवायचे आणि खाली मंद विस्तव करायचा, ही त्याची एक योजना. पण तो झोपण्याच्याही कामी येई. विल्यम डँपिअर ह्या इंग्रज दर्यावर्दीने १६९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात आपण सोबत्यांसह अशा माचांवर रात्र काढल्याचे नमूद केले आहे. तिकडे ब्राझीलमधील तुपी लोकांच्या अशाच माचाला फ्रेंचांनी 'बुकां' म्हटले. ज्याँ द लेरी ह्याने १५७८ च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. पुढे हिस्पानिओला बेटावर रानगुरे मारून त्यांचे मांस धुरावर वाळवणारे फ्रेंच शिकारी ह्या शब्दावरून 'बुकानिये' झाले, आणि तेच चाचेगिरीकडे वळल्यावर इंग्रजीला 'बकनीअर' मिळाला. समुद्रावरील साहसकथांचा हा नायक मुळात मांसाला धुरी देणारा होता, हे त्या कथा वाचताना क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

दोन्ही शब्दांनी माच जपला आणि विस्तव सोडून दिला. विस्तव सुटला की तो राखणारा माणूसही सुटतो, आणि आम्हांला बोलायचे आहे ते ह्या माणसाविषयी. त्याच्यापर्यंत जाण्याची वाट मात्र थोडी अनपेक्षित आहे. अमेरिकेतील एखाद्या घराच्या परसात, पिंपाएवढ्या उभट स्मोकरपुढे बसलेल्या हौशी माणसाच्या तक्रारी ऐकाव्यात. कोळसा धरतच नाही. धरला तर आवरत नाही. धूर पांढरा आणि दाट निघतो, मांस कडवट होते. सहासात तासांनी, नेमकी गरज असताना, धग बसते. ह्या तक्रारींना व्यावहारिक उत्तरे आहेत व ती पुढे येतीलच. पण त्या उद्भवल्या कशा, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

आधी कोळशाविषयी. लाकडाचा ढीग मातीने लिंपून, हवा जेमतेम ठेवून तापवला की लाकडातील पाणी व वायुरूप होणारी द्रव्ये निघून जातात आणि मुख्यतः कार्बन उरतो. लोणारी कोळसा म्हणजे धूर आधीच काढून घेतलेले लाकूड. (आपल्याकडे हा धंदा करणाऱ्या समाजाचे नाव मराठीने कोळशालाच देऊन टाकले, भाषेने कष्टकऱ्याची आठवण ठेवल्याचे हे एक उदाहरण, आणि अशी उदाहरणे फार नाहीत.) डॅनिएल डीफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) ह्या कादंबरीत वाळूवर परक्या पावलाचा ठसा पाहून धास्तावलेला नायक धुरामुळे आपला ठावठिकाणा उघड होईल म्हणून विस्तव करण्याचे टाळतो, आणि इंग्लंडमध्ये पाहिले होते त्या रीतीने मातीखाली लाकूड जाळून कोळसा पाडतो. क्रूसोला कोळसा हवा होता तो धूर नको म्हणून. स्मोकरवाल्याला तर धूरच हवा आहे. तो निखाऱ्यांवर हिकरी, ओक किंवा सफरचंदाच्या लाकडाचे दोनचार ठोकळे ठेवतो, म्हणजेच कोळसा करताना घालवलेला धूर मापाने परत आणतो. त्याची सारी अडचण ह्या 'मापाने' शब्दात आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत ही अडचण वेगळ्या प्रकारे सोडवलेली होती. व्हर्जिनिया, कॅरोलायना आदी प्रदेशांत जमिनीत लांब चर खणत, त्यावर आडव्या काठ्या टाकून डुकरे किंवा मेंढरे ठेवत. लाकूड मात्र त्या चरात जाळत नसत. बाजूला वेगळी मोठी धुनी पेटलेली असे. तिथे हिकरी किंवा ओकची लाकडे जळून, त्यांचा उग्र धूर मोकळ्या हवेत निघून जाई, आणि उरलेले लालबुंद निखारे फावड्याने उचलून मांसाखाली पसरले जात. विस्तव दोन होते: एक निखारे पाडणारा, दुसरा मांस शिजवणारा. पहिल्याला हवी तेवढी हवा, दुसऱ्याला हवे तेवढेच निखारे. वितळणारी चरबी निखाऱ्यांवर ठिबके आणि तिचा सुगंधी धूर वर जाई. धग कमी पडली तर आणखी एक फावडे टाकायचे. वाढली तर हात आखडता घ्यायचा. झडप नाही, तापमापक नाही. ह्या दोन विस्तवांमध्ये रात्रभर ये-जा करणारा माणूस हेच त्या व्यवस्थेचे नियंत्रण होते, आणि तो बहुधा गुलाम होता.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत मे १७६९ मध्ये अलेक्झांड्रियात बार्बेक्यूला जाऊन रात्रभर राहिल्याची नोंद आहे. नोंद एका ओळीची. विस्तव कोणी राखला हे तिच्यात नाही. ते कळायला १९३० च्या दशकापर्यंत थांबावे लागते. त्या दशकाच्या उत्तरार्धात संघराज्य सरकारच्या लेखक-योजनेने गुलामगिरी भोगलेल्या वृद्धांच्या मुलाखती टिपून घेतल्या. त्यांत साउथ कॅरोलायनातील वेझ्ली जोन्स हे मेजवानीच्या आदल्या रात्री आपण कसे जागत असू ते सांगतात. दुबेळक्याच्या काठीला चिंधी गुंडाळून शिरका, मिरी, लाल मिरची, लोणी व इतर मसाल्यांचे मिश्रण ते मांसावर पुन्हा पुन्हा फिरवत. ते विस्तवात ठिबकून धुरालाच मसालेदार करते आणि तो धूर मांसात मुरतो, ही कार्यकारणसाखळी त्यांनी स्वच्छ शब्दांत मांडली आहे. मुलाखतकारांनी अशा वृद्धांची बोली ज्या ढंगाने लिहिली, तिच्यामुळे आजचा वाचक क्षणभर अडखळतो. पण मजकूर नीट वाचला तर तो एका जाणकाराने केलेले प्रक्रियेचे वर्णन आहे, लोककथा नव्हे. साहित्याच्या वर्गात ह्या मुलाखती 'आठवणी' म्हणून शिकवल्या जातात. त्यांतले काही भाग तंत्रविद्येचे दस्तऐवज म्हणूनही वाचले पाहिजेत, असे आमचे मत आहे.

विसाव्या शतकात हे दोन विस्तव एका डब्यात आले. त्याची सुरुवात कारखान्यात झाली. उशीच्या आकाराच्या कोळसावड्यांचे पेटंट एल्सवर्थ झ्वॉयर ह्याने १८९७ साली घेतले होते. त्या घरोघरी पोचल्या त्या हेन्री फोर्डमुळे. १९२० च्या दशकात मोटारींच्या लाकडी भागांसाठी मिशिगनमधील आयर्न माउंटन येथे फोर्डने कारखाना उभारला. तिथे साचणाऱ्या लाकडाच्या तुकड्यांचा व भुशाचा कोळसा करून, स्टार्चने बांधून त्याच्या वड्या पाडल्या आणि फोर्ड मोटारी विकणाऱ्या दुकानांतून विकल्या. १९५१ मध्ये हा धंदा दुसऱ्यांकडे गेला व त्याला किंग्जफर्ड हे नाव मिळाले, ते फोर्डला जंगलजमीन मिळवून देणाऱ्या त्याच्या नात्यातल्या माणसाचे. १९५२ साली शिकागोजवळ, धातूचे तरंगते बोये बनवणाऱ्या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन ह्याने बोयाचा गोल अर्धा कापून झाकणाची भट्टी केली. झाकण घालताच विस्तव विझू लागला, तेव्हा शेजाऱ्याच्या सूचनेवरून त्याने झाकणाला भोके पाडली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लहान स्मोकरचा सगळा पेच तिच्यात आला आहे. ह्याच वेबर कंपनीने १९८१ मध्ये आणलेला उभट स्मोकर आजही नमुनेदार मानला जातो: तळाशी कोळसा व हवेच्या तीन झडपा, मध्ये पाण्याची परात, वर दोन जाळ्या, झाकणाला एक झडप.

आता तक्रारी. मांसाभोवती सुमारे ११० ते १२० अंश सेल्सिअस एवढीच धग हवी. म्हणजे विस्तव जगला पाहिजे, पण फोफावता कामा नये. बाजूला धुनी असती तर तिने मोकळा श्वास घेतला असता. इथे निखारे पाडणे, धूर देणे आणि शिजवणे ही तिन्ही कामे एकाच अर्धपोटी विस्तवाकडे आहेत. साहजिकच लाकडाचा ठोकळा जळण्याऐवजी धुमसतो आणि दाट पांढरा धूर देतो. ह्या धुरातील कण मोठे असतात, अर्धवट जळलेली कडू द्रव्ये मांसावर बसतात. विस्तव नीट जळत असेल तर कण अतिसूक्ष्म होतात, निळा प्रकाश अधिक विखुरतात, आणि चिमणीतून जेमतेम दिसणारी निळसर रेघ निघते. लाकूड पाण्यात भिजवून टाकण्याची रीत ह्या कामी निरुपयोगी आहे. पाणी फारसे आत शिरत नाही, आणि जे शिरते त्याची आधी वाफ होते.

धूर पांढरा दिसला की नवशिका वरची झडप मिटतो. हे उलटे आहे. गरम हवा वरून निघते म्हणूनच खालून ताजी हवा ओढली जाते. वरचे तोंड बंद केले तर धूर आतच कोंडतो आणि काजळी धरते. वरची झडप उघडी ठेवावी, आवरायचे ते खालच्या झडपांनी. धग चढली तर ती उतरवणे फार कठीण, कारण एकदा पेटलेला कोळसा आपल्या सांगण्याने विझत नाही. जिम मिनियन ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत ह्यावर उतारा आहे: न पेटवलेल्या कोळशाचा ढीग रचून वर फक्त काही निखारे ठेवायचे, म्हणजे विस्तव ढिगातून हळूहळू खाली सरकतो. रात्रभर टाकायची फावडी आधीच एका ढिगात रचून ठेवण्याचाच हा प्रकार. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहणाऱ्याने मात्र कोणत्याही पद्धतीची आशा धरू नये. उष्णता जाते, आणि आत धावणारी हवा कोळशाला भडकवते.

धग उशिरा बसते ती बहुधा राखेमुळे. वड्यांची राख भरपूर. ती निखाऱ्यांवर चढते, खालची भोके बुजवते. जाळी हलवून राख झाडली की विस्तव पुन्हा डोळे उघडतो. कधी मात्र दोष विस्तवाचा नसतोच. मोठ्या तुकड्याचे आतले तापमान ६५-७० अंशांच्या आसपास तासन् तास अडून राहते, कारण पृष्ठभागावरून उडणारे पाणी तेवढीच उष्णता घेऊन जाते. हा टप्पा न कळल्याने माणसे घाबरून झडपा सताड उघडतात आणि चांगला चाललेला विस्तव बिघडवतात. (ह्या पेट्या गॅरेजमध्ये किंवा बंद जागेत कधीही पेटवू नयेत, निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.)

अलीकडे तापमान पाहून आपोआप हवा फुंकणारे छोटे पंखे मिळतात आणि मालक झोपी जातो. सोय आहेच, आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. रात्रीची झोप ज्यांना मिळत नव्हती त्यांचे नाव ह्या सोयीच्या इतिहासात कुठे येते, एवढेच आम्ही विचारतो. एड्रियन मिलर ह्यांच्या 'ब्लॅक स्मोक' (२०२१) ह्या पुस्तकाने आफ्रिकन-अमेरिकन बार्बेक्यूचा इतिहास सविस्तर मांडला. त्याआधी २०१८ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या रॉडनी स्कॉट ह्यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. त्यांच्या परंपरेत दुसरा विस्तव अजून आहे. लोखंडी पिंपाला मध्यावर आडव्या सळया घालतात. वर लाकडे जळत असतात, निखारे सळयांमधून खाली गळतात, आणि पिंपाच्या बुडाशी कापलेल्या तोंडातून कोणीतरी ते फावड्यावर घेऊन मांसाकडे जातो.